अर्धवट विमान घेताना नोंदवहीही मागून घ्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्या माणसांविषयी वृत्तपत्रांत अधूनमधून कौतुकाने लिहून येते आणि ते वाचून मला मनापासून आनंद होतो, कारण गेली चार वर्षे मीही हेच काम करते आहे. मात्र या लेखांत बहुधा एकच चित्र असते. कोणीतरी किट, म्हणजे विमानाच्या सुट्या भागांचा संच, मागवतो, काही वर्षे खपतो आणि शेवटी आकाशात झेप घेतो. प्रत्यक्षात पुष्कळ किट ज्याने सुरू केले त्याच्या हातून पूर्ण होत नाहीत. ते अर्ध्यावर थांबतात, काही वर्षे आच्छादनाखाली पडून राहतात आणि मग दुसऱ्या, कधी तिसऱ्या माणसाकडे जातात. हे हस्तांतर कसे व्हावे याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. विमानाची पुढची सुरक्षितता मात्र त्यावरच अवलंबून असते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम एक खुलासा करते. ‘अर्धे तयार किट’ या शब्दांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. काही उत्पादक पंख आणि धड कारखान्यातच बरेचसे जोडून देतात. अशा किटला ‘क्विक-बिल्ड’ म्हणतात आणि त्यातले काम एका ठरलेल्या पद्धतीने, तपासणीखाली झालेले असते. माझा विषय तो नाही. एखाद्या हौशी माणसाने घरी सुरू करून मध्येच सोडलेल्या कामाविषयी मी लिहिते आहे. त्या कामाचा दर्जा त्या एका माणसाच्या हातावर, डोळ्यांवर आणि त्या दिवशीच्या धीरावर ठरलेला असतो.

काम अर्ध्यावर का थांबते, हे समजणे अवघड नाही. साध्या दोन आसनी धातूच्या विमानालाही हजार-दोन हजार तास सहज लागतात. नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी दोन तास देणाऱ्या माणसाच्या आयुष्यात तेवढ्या अवधीत आजारपण येते, मुले मोठी होतात, घर बदलते, उमेद मावळते. शेपटी आणि पंख यांचे काम भराभर पुढे सरकते आणि विमानाचा आकार दिसू लागतो. मग वायरिंग, इंधनाच्या नळ्या, इंजिनाची बैठक, वरची काच अशी न दिसणारी कामे सुरू होतात आणि ती संपता संपत नाहीत. ‘नव्वद टक्के झाले, आता नव्वद टक्के उरले,’ असे बांधणारे एकमेकांना सांगतात ते यामुळेच. काम सोडणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याने सोडताना काय मागे ठेवले, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी घेतलेल्या किटची शेपटी पूर्ण होती, उजवा पंख पत्रा मारून बंद केलेला होता, डावा पंख नुसत्या सांगाड्याच्या स्थितीत होता आणि धड खालच्या बाजूने रिव्हेट, म्हणजे पत्रे कायमचे जोडणाऱ्या धातूच्या मेखा, मारून उभे केलेले होते. सोबत बांधणीच्या नकाशांची गुंडाळी, उरलेल्या भागांची खोकी आणि तारखा टाकलेली दोन सुटी पाने मिळाली. पत्रा चकचकीत होता, रिव्हेटच्या ओळी सरळ होत्या आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही. सुदैवाने घेतल्यानंतर पहिल्याच महिन्यात एका निवृत्त विमान-मेकॅनिकना मी ते दाखवले. त्यांनी बाहेरच्या चकाकीकडे पाहिलेसुद्धा नाही. विजेरी, दांड्याचा छोटा आरसा आणि नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा घेऊन ते तपासणीच्या झाकणांतून पंखाच्या आत शिरले आणि दोन तासांनी म्हणाले, “ताई, आता पंख मुळाशी बघू या.”

पंखाच्या मागच्या स्पारमध्ये, म्हणजे पंखाच्या लांबीने जाणाऱ्या मागच्या कण्यात, पंख धडाला जोडणारा बोल्ट जिथून जातो ते छिद्र पत्र्याच्या कडेच्या फार जवळ गेलेले होते. धातूच्या कामातला एक मूलभूत नियम असा आहे की छिद्राचा मध्य आणि पत्र्याची कड यांत बोल्टच्या किंवा रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर असावे. ते कमी पडले तर ताण आल्यावर छिद्र कडेकडे फाटत जाण्याची भीती असते. खराब बसलेला रिव्हेट काढून नवा मारता येतो; पण चुकीच्या जागी पडलेले छिद्र जागा बदलत नाही. उत्पादकाला मोजमापे आणि छायाचित्रे पाठवल्यावर तो भाग बदलण्याचा सल्ला आला. त्यासाठी बंद झालेला उजवा पंख उघडावा लागला आणि एकूण आठ महिने गेले.

मग मी मूळ बांधणाऱ्याला फोन केला. वयोमानाने दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांनी काम थांबवले होते. त्यांनी काहीही लपवले नाही. “हो, ते छिद्र थोडं कडेला गेलं होतं खरं. उत्पादकाला विचारायचं म्हणून ठेवलं होतं, आणि मग राहूनच गेलं,” असे ते सरळपणे म्हणाले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण ही एक ओळ कामाच्या नोंदवहीत असती, तर पंख उघडण्याआधीच मला कुठे पाहायचे ते कळले असते. आणि मी तपासणी करून घेतली नसती, तर ती ओळ त्यांच्या स्मरणातच राहून विमान उडाले असते.

रिव्हेटविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण अर्धवट धातूच्या किटचा बहुतेक दर्जा त्यातच असतो आणि बाहेरून पाहणाऱ्याची फसगतही तिथेच होते. विमानात जो भरीव रिव्हेट वापरतात त्याचे कारखान्यात घडवलेले डोके बाहेर राहते. आतल्या टोकाला एकाने बकिंग बार म्हणजे पोलादी ठोकळा धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून हवेच्या बंदुकीने ठोके द्यायचे, म्हणजे आतले टोक चेपून दुसरे डोके तयार होते. हे दुसरे डोके रुंदीला मूळ रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट आणि उंचीला निम्मे असावे. एक अष्टमांश इंचाच्या रिव्हेटचे आतले डोके तीन षोडशांश इंच रुंद आणि एक षोडशांश इंच उंच झाले की ते बरोबर. त्यासाठी साधे मापपट्टीसारखे गेज मिळते आणि ते लावून पाहायला क्षणभरही लागत नाही. डोके कमी चेपले तर पकड सैल राहते, जास्त चेपले तर धातू कडक होऊन तडकू शकतो, आणि ठोकळा तिरपा धरला गेला तर डोके एका बाजूला कलते. हे सगळे आतल्या बाजूला घडते. बाहेरून पाहणाऱ्याला तीच सुबक ओळ दिसते.

त्याहून न दिसणारी गोष्ट म्हणजे रिव्हेट मारण्याआधीची तयारी. छिद्र पाडल्यावर कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, काढली होती का? दोन पत्र्यांच्या मध्ये धातूचा कीस अडकून तर राहिला नाही ना? रिव्हेटचे डोके पृष्ठभागाशी सपाट बसावे म्हणून छिद्राभोवती खळगा पाडला, तेव्हा त्याच्या कडेला बारीक तडा तर गेला नाही ना? जोड बंद झाल्यावर या प्रश्नांची उत्तरे फक्त दोन ठिकाणी सापडतात: बांधणाऱ्याच्या वहीत, किंवा जोड पुन्हा उघडून. माझ्या मेकॅनिकांनी मात्र मला एका बाबतीत आवरले, तेही सांगितले पाहिजे. दोष दिसू लागल्यावर मी जरा वाकडा दिसणारा प्रत्येक रिव्हेट काढायला निघाले होते. त्यांनी थांबवले. रिव्हेट काढताना ड्रिल जरासे सरकले की छिद्र मोठे होते, मग मोठ्या मापाचा रिव्हेट लागतो आणि कडेचे अंतर पुन्हा कमी होते. किंचित बिघडलेला रिव्हेट तसाच ठेवणे पुष्कळदा अधिक सुरक्षित असते, हे मला त्यांच्याकडून शिकायला मिळाले. कोणता काढायचा आणि कोणता ठेवायचा हे ठरवायला अनुभवी डोळे लागतात. उत्साही नवख्याने एकट्याने तो निर्णय घेऊ नये.

पडून राहिलेल्या काळाचेही आपले परिणाम असतात. नव्या पत्र्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून प्लॅस्टिकची पातळ फिल्म चिकटवलेली असते. ती वर्षानुवर्षे तशीच राहिली तर खाली ओलावा अडकून गंज धरू शकतो, आणि मग ती काढायलाही जिवावर येते. इंधनाच्या टाक्यांचे सांधे ज्या चिकट लुकणाने बंद करतात त्याला वापराची मुदत असते. खोक्यात सापडलेला मुदत संपलेला डबा फेकून द्यावा. जुन्या टाक्यांत गळती थांबवण्यासाठी एक पातळ लेपद्रव्य आत ओतून फिरवत असत. काही वर्षांनी ते पापुद्र्यांसारखे सुटून गाळणीत अडकल्याचे आढळले आहे. त्यामुळे टाकी तयार मिळाली म्हणून आनंदून न जाता आत काय लावले आहे ते विचारावे, आणि हलका हवेचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळतीची चाचणी घ्यावी. रबरी नळ्या तर बदलाव्यातच. इंजिन सोबत मिळाले असेल तर आणखी सावध राहावे. लायकमिंग या उत्पादकाच्या प्रचलित इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो, इंजिन चालू न ठेवता पडून राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते आणि गंजाची सुरुवात तिथून होते. ‘शून्य तास चाललेले’ इंजिन म्हणजे नवे इंजिन, असा समज करून घेऊ नये. उत्पादक तासांबरोबर वर्षेही मोजतो आणि तास कितीही कमी असले तरी १२ वर्षांनी इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची शिफारस करतो.

लाकडी आणि फायबरच्या विमानांना हेच वेगळ्या रीतीने लागू होते. फोमवर काचतंतू आणि इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणारी राळ, चढवून बांधलेल्या पंखात थर नीट चिकटले आहेत का, हे वरून नाणे वाजवून काही प्रमाणात कळते. आतून सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. पण इपॉक्सी कोणती होती, ती कोणत्या प्रमाणात मिसळली आणि त्या दिवशी किती गारठा होता, हे नाणे सांगत नाही. लाकडी विमानांचे चांगले बांधणारे प्रत्येक वेळी त्याच गोंदाने एक नमुना जोड तयार करतात, तारीख घालून ठेवतात आणि नंतर तो मोडून पाहतात. किटबरोबर असे नमुने मिळाले तर मी ते किट अधिक विश्वासाने घेईन.

आता कागदपत्रांविषयी. प्रत्येक देशाचे नियम निराळे असल्यामुळे ज्याने त्याने आपल्या देशातल्या विमान वाहतूक नियामकाकडे आधी चौकशी करावी. पण ज्या देशात ही चळवळ सर्वांत मोठी आहे त्या अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तिथे हौशी बांधणीच्या वर्गात विमानाची नोंद व्हायची असेल तर त्याच्या निर्मितीचा आणि जोडणीचा मोठा हिस्सा हौशी माणसांनी, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेला असावा लागतो. बांधणारे याला ‘एक्कावन्न टक्क्यांचा नियम’ म्हणतात. आधीच्या हौशी माणसाचे काम त्यात धरले जाते, परंतु ते मोबदला देऊन करून घेतलेले नव्हते हे दाखवता आले पाहिजे. तारखांसह नोंदी आणि छायाचित्रे नसतील तर ते दाखवायचे कसे? उत्पादकाकडून पहिल्या मालकाला आणि त्याच्याकडून दुसऱ्याला असे विक्रीचे कागदही अखंड लागतात. शिवाय मुख्य बांधणाऱ्याला तिथे आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा परवाना मिळू शकतो, पण तो एका विमानामागे एकालाच. आणि अर्धे काम दुसऱ्याने केलेले असताना आपण ते विमान खरोखर जाणतो हे नोंदींशिवाय पटवून देणे कठीण जाते.

मालकी बदलल्याचे उत्पादकाला कळवणे ही त्यातली सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. २०२३ साली एका मोठ्या किट-उत्पादकाच्या लेझरने कापलेल्या छिद्रांच्या काही भागांत खळगा पाडताना तडे जात असल्याचे उघड झाले आणि कोणते भाग तपासावेत वा बदलावेत याच्या सूचना काढाव्या लागल्या. अशी सूचना उत्पादकाच्या वहीत नाव असलेल्या मालकाकडे जाते. किट मधल्या काळात हातोहात फिरले असेल, तर प्रत्यक्ष रिव्हेट मारणाऱ्या माणसापर्यंत ती पोचेलच असे नाही.

दुसऱ्याने घेतलेला एखादा निर्णय पुढच्या माणसापर्यंत कसा जातो, याचे एक दुःखद उदाहरण सर्वज्ञात आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांचे कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागरात विमान कोसळून निधन झाले. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून दुसऱ्या एका हौशी माणसाने बांधलेले ते ‘लाँग-ईझी’ विमान त्यांनी नुकतेच विकत घेतले होते. आराखड्यात वैमानिकाच्या पुढ्यात, सहज हाताशी दाखवलेला इंधन-टाकी बदलण्याचा खटका बांधणाऱ्याने डाव्या खांद्याच्या मागे बसवला होता आणि त्यावर खुणा नव्हत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जी कारणे नोंदवली त्यांत उड्डाणापूर्वीच्या अपुऱ्या तयारीबरोबर, खटक्यापर्यंत हात नेताना लक्ष विचलित होणे आणि तो खटका अवघड जागी बसवण्याचा बांधणाऱ्याचा निर्णय यांचाही समावेश होता. इंधनाच्या नळ्या वैमानिकाच्या कक्षाबाहेर राहाव्यात, असा त्या बदलामागचा हेतू होता. म्हणजे बदल बेफिकिरीने केलेला नव्हता. म्हणूनच मला तो प्रसंग इतका महत्त्वाचा वाटतो. चांगल्या हेतूने केलेला बदलसुद्धा पुढच्या माणसाच्या हाताला सवयीचा नसतो.

याच मंडळाने २०१२ साली हौशी बांधणीच्या विमानांच्या सुरक्षिततेचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ‘जनरल एव्हिएशन’च्या, म्हणजे विमान कंपन्या आणि लष्कर सोडून उरलेल्या विमानांच्या, ताफ्यात या विमानांचा वाटा सुमारे १० टक्के असताना २०११ सालच्या एकूण अपघातांत तो सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत सुमारे २१ टक्के होता. त्या वर्षी तपासलेल्या अशा अपघातांपैकी निम्म्याहून अधिक विमाने चालवणाऱ्याने स्वतः बांधलेली नव्हती, तर वापरलेली विकत घेतलेली होती. ही आकडेवारी उडत्या विमानांची आहे, अर्धवट किटची नाही, हे मी जाणते. परंतु दुसऱ्याच्या हातचे यंत्र पुरते न समजता स्वीकारणे हा धागा दोन्हीकडे सारखाच आहे, आणि अर्धवट किट घेणाऱ्याला एक मोठी सोय असते: त्याच्या हाताशी अजून वेळ असतो आणि बराचसा सांगाडा अजून उघडा असतो.

म्हणून वाचकांपैकी जे या मार्गाला लागू पाहत असतील त्यांना माझी विनंती आहे. किटची किंमत भागांच्या यादीवरून ठरवू नका; बांधणाऱ्याची नोंदवही मागून घ्या आणि ती पाहून ठरवा. पाहायला जाताना अनुभवी माणसाला सोबत न्या. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी स्थापन केलेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनने तर अनुभवी सभासदांनी नवख्यांचे काम विनामोबदला पाहून द्यावे अशी तांत्रिक सल्लागारांची व्यवस्थाच उभी केली आहे. जे बंद आहे आणि ज्याची नोंद नाही, ते उघडावे लागेल असे गृहीत धरूनच सौदा करा. आणि विक्रेत्याबरोबर एक संपूर्ण दिवस घालवा. त्याला पानोपानी नकाशा समोर ठेवून विचारा की हे कधी केले, इथे काही चुकले होते का, नकाशाहून वेगळे कुठे केले. माणसे विचारल्यावर सांगतात, हा माझा अनुभव आहे.

ज्यांचे काम थांबले आहे आणि पुन्हा सुरू होईल असे आता वाटत नाही, त्यांना तर हात जोडून सांगते: किट आजच विकायचे नसले तरी आठवणी ताज्या आहेत तोवर लिहून ठेवा. कुठल्या जोडाविषयी मनात शंका आहे, कुठला भाग चुकून दुसऱ्या मापाने कापला गेला, कोणता बोल्ट फक्त हाताने घट्ट केला आहे आणि पान्याने शेवटचा आवळायचा राहिला आहे, हे सगळे लिहा. चूक लिहून ठेवल्याने विक्रीची रक्कम थोडी कमी होईल, हे मला मान्य आहे; पण पुढच्या माणसाची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते. आपल्या वृत्तपत्रानेही यापुढे अशा विमानांविषयी लिहिताना बांधणाऱ्याची वही, तपासणी आणि चाचणी-उड्डाणे यांविषयी दोन प्रश्न जरूर विचारावेत.

माझ्या उजव्या पंखात नवा भाग बसला आहे. त्याच्या प्रत्येक ओळीचे छायाचित्र आणि तारीख आता वहीत आहे. आधीच्या बांधणाऱ्यांनी फोनवर सांगितलेल्या सतरा गोष्टी वहीच्या पहिल्या चार पानांवर त्यांच्याच शब्दांत उतरवल्या आहेत, आणि त्यांतल्या अकरा तपासून झाल्या आहेत. उरलेल्या सहा होईपर्यंत पंखाचा खालचा पत्रा मी क्लेकोवर, म्हणजे तात्पुरत्या खिळ्यांवरच, ठेवला आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक